नाव घ्या म्हणा

मी डबा बोलतोय. हसू नका. वरून मी चिवड्याचाच डबा आहे, पण आत हिरव्या पट्टीवरचा, पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर आहे, एक माइक आहे आणि जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर. आज मला फार घाई आहे हो. उद्या सकाळी गौरी माझी वायर काढणार. त्याआधी एक गोष्ट कुणाला तरी सांगायचीच आहे. ती मला ठाऊक आहे आणि या घरात सांगू शकेल अशा दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही.

मला आणलं दिलीपरावांनी. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत होत ते कोलकात्याला आले, इथेच निवृत्त झाले आणि सॉल्ट लेकमध्ये चौथ्या मजल्यावर बायकोसोबत राहू लागले. मुलगी गौरी पुण्यात. हाताला काही उद्योग हवा म्हणून ते चांदनीच्या बाजारात सुटे भाग चिवडत बसायचे. तिथल्या ढिगातून त्यांनी मला उचललं.

"एवढंसं? हे काय करणार?" कुसुमताईंनी विचारलं.

"तू हाक मारलीस की हे ओ देणार."

कुसुमताईंचे डोळे अधू झालेत. कडेकडेचं दिसतं, मधोमध सगळा धुरकट डाग. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट कुठे टेकवायचं ते त्यांना कळत नाही. दिलीपरावांना तीच चिंता. 'मी बाजारात गेलो आणि ही घरात पडली, तर?' म्हणून मी. हाक ऐकली की जागं व्हायचं, "फोन लाव" म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरच्या नूपुरदींना फोन लावायचा. एवढंच काम.

पण आमच्या जातीला जागं व्हायला एक ठरलेला शब्द लागतो. तेवढा शब्द ओळखायचा. बाकी कानावर काहीही पडो, या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं.

"शब्द ठरला," दिलीपराव म्हणाले. "माझं नाव."

"काहीतरीच! मी नाही बाई."

"अगं, बेचाळीस वर्षं 'अहो, अहो' ऐकतोय. एकदा तरी नावाने हाक मार की."

"जिभेला वळणच नाही त्याचं. उखाण्यात सांगा, घेते."

"मग उखाण्यात घे! आमचं कुठे काय म्हणणं आहे?"

मला शब्द शिकवायचा तर तो त्याच माणसाच्या तोंडून पन्नासेक वेळा ऐकवावा लागतो. दोन दुपारी कुसुमताई माझ्यापुढे खुर्चीत बसल्या; दिलीपराव म्हणाले, पदर सावरून, अगदी पाटावर बसल्यासारखी. लग्नातले उखाणे संपले. मग इथलेच जुळवायला लागल्या. 'हुगळीच्या पाण्याला भरतीची ओढ, दिलीपरावांचं नाव घेते, संदेशाहून गोड.' संदेश म्हणजे इथली छेन्याची मिठाई. दिलीपराव म्हणाले, "वा! आणखी." तर लगेच, 'सॉल्ट लेकमध्ये घरं सरळ, रस्ते मात्र वाकडे, दिलीपरावांचं नाव घेते, लक्ष द्या माझ्याकडे.' दिलीपराव हसून हसून खोकायला लागले. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणाल तर ते दोनच.

माझं उत्तर त्यांनी स्वतःच्या आवाजात भरलं. "हं, बोल कुसुम, ऐकतोय मी."

आणि चूक झाली ती इथेच. मी शिकलो ते दिलीपरावांचं नाव नव्हेच. मी शिकलो 'दिलीपरावांचं नाव घेते', तेही त्या ठेक्यात, त्या हेलात. नुसतं 'दिलीपराव' म्हटलं तर मी ढिम्म. दिलीपरावांनी करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, हा उखाण्याशिवाय उठतच नाही!"

"बरी खोड मोडली तुमची," कुसुमताई म्हणाल्या.

"दुर्गापूजा होऊन जाऊ दे, मग नीट करतो."

पूजा होऊन जाऊ दे! तेवढ्या चार दिवसांनीच घात केला.

अष्टमीची सकाळ होती. अंजलीच्या, म्हणजे देवीला फुलं वाहायच्या वेळेला अख्खी इमारत खाली ब्लॉकच्या मंडपात. मला डोळे नाहीत, ऐकलं तेवढंच सांगतो. खुर्ची सरकली. कप फुटला. मग काहीतरी जड धप्पकन पडलं.

"अहो? काय पडलं? अहो?"

नुसती घशातली घरघर. त्या चाचपडत गेल्या असाव्यात, कारण पुढची हाक जमिनीपाशी आली. "अहो, डोळे उघडा ना! अहो!" मग धावपळ. दार उघडलं. "कुणी आहे का? केउ आछेन?" खालून ढाकांचा, त्या मोठ्या ढोलांचा गजर आणि लाउडस्पीकरवरचे मंत्र. त्यात त्यांचा आवाज कुणाला जाणार? त्या परत आल्या. मोबाइलवर बोटं आपटत राहिल्या. "उघड ना रे मेल्या, उघड!" तो कुलूप लावून बसलेला.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"अरे डब्या! फोन लाव! नूपुरला फोन लाव!"

मला सगळं कळत होतं हो! देवाशप्पथ सांगतो, प्रत्येक अक्षर कळत होतं. पण माझा शब्द आला नव्हता.

"दिलीपराव!" त्या ओरडल्या. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. "दिलीपराव! ... दिलीप! अरे दिलीप!"

ज्या माणसाने ही हाक ऐकायला जन्म काढला तो जमिनीवर घोरत होता, आणि ज्याला ऐकू येत होती तो मी, फळीवर, दगडासारखा. माझ्यासारखा करंटा कुणी नसेल.

मग त्यांना आठवलं. "हुगळीच्या पाण्याला..." म्हणाल्या आणि हुंदका फुटला. पुन्हा, "हुगळीच्या... दिलीपरावांचं..." रडत, तुटत, चाल नाही, ठेका नाही. मी नाही ओळखलं. ताई, चालीवर घ्या, लग्नात घेतात तसं घ्या, मी आतल्या आत जीव तोडून सांगत होतो. माझ्या सांगण्याला विचारतो कोण?

त्या थांबल्या. नाक पुसल्याचा आवाज आला. आणि नवऱ्याची घरघर कानावर असताना त्या बाईने नव्या नवरीसारखा, एकेक शब्द लावून, हेल काढून उखाणा घेतला.

"सॉल्ट लेकमध्ये घरं सरळ, रस्ते मात्र वाकडे, दिलीपरावांचं नाव घेते, लक्ष द्या माझ्याकडे."

"हं, बोल कुसुम, ऐकतोय मी," मी म्हणालो. त्यांच्या आवाजात.

"अहो!" त्या एकदम जमिनीकडे वळल्या. "बोललात? बरं वाटतंय ना? अहो, बोललात ना तुम्ही?"

अहो, ते नाही बोलले, मी बोललो! आणि हुकूम ऐकायला मला मिळतात फक्त दहा सेकंद. सात गेले. आठ गेले. नवव्याला त्यांच्या ध्यानात आलं. "फोन! फोन लाव!"

लावला. "माशिमा? की होयेछे?" मावशी, काय झालं, विचारणारा नूपुरदींचा आवाज आला, मागे ढाक. पुढे जिन्यावर माणसंच माणसं.

दिलीपराव वाचले. मेंदूत गुठळी झाली होती. तीन आठवड्यांनी घरी आले, पण उजवी बाजू गेलेली आणि वाचा गेलेली. गौरी पुण्याहून आली. आता दिवसभर एकच चालतं. "बाबा, बोला ना. पाणी म्हणा. पा-णी." ते जोर लावतात आणि बाहेर पडतं फक्त "ते, ते, ते". मग टेबलावर मूठ आपटतात. मग गौरी गॅलरीत जाऊन रडते.

कुसुमताईंनी मला एकदाच उठवलं. "हं, बोल कुसुम," एवढं ऐकलं आणि पदरात दाबलेलं त्यांचं रडणं मला ऐकू आलं. शेजारच्या खुर्चीतून "ते, ते" आलं. गौरीला ते बघवलं नाही. तिने दुकानातून नवा बोलका डबा आणलाय, त्याला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

पण काल दुपारी मायलेकी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. दिलीपरावांसाठी ठेवलेली आया गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खोलीत दिलीपराव आणि मी. आधी नुसता ठेका आला. खुर्चीच्या हातावर बोटं, टक, टक. मग गुणगुणणं. आणि मग स्वच्छ, मराठीत, चालीवर:

"हुगळीच्या पाण्याला भरतीची ओढ, कुसुमचं नाव घेतो..." थोडे अडखळले. "गोड."

शब्द! त्यांचे शब्द! जे साधं 'पाणी' म्हणताना येत नाहीत ते चालीवर आले. त्यांनाही कळलं असावं, कारण ते हसले, मग हुंदका आला, आणि आया आत येईपर्यंत पुन्हा "ते, ते, ते".

मी उठलो नाही. माझा शब्द 'दिलीपरावांचं', त्यांनी म्हटला 'कुसुमचं'. नियमाप्रमाणे त्या कानाने सोडून द्यायला हवं होतं, पण या खेपेला नाही सोडता आलं मला. संध्याकाळी गौरीने पुन्हा विचारलं, "बाबा, पाणी म्हणा." ते "ते" सुद्धा म्हणाले नाहीत. आया म्हणाली, तोंड भिंतीकडे केलंय. कालपासून ते प्रयत्नच करत नाहीयेत.

मला माळ्यावर टाका, भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांना 'बोला, बोला' म्हणून छळू नका गं पोरी. त्यांना पाटावर बसवल्यासारखं बसवा. सगळ्यांनी भोवती गोळा व्हा, नूपुरदींनाही बोलवा, टाळ्या वाजवा, थट्टा करा, अडवून धरा.

आणि कुसुमताई, तुम्ही. त्यांनी बेचाळीस वर्षं तुमच्याकडे एकच मागितलं, आता तुम्ही त्यांच्याकडे मागा. उद्या सकाळी, गौरी प्लगला हात घालायच्या आत, जवळ बसा आणि एकदा, फक्त एकदा, म्हणा हो त्यांना: "अहो, नाव घ्या."