रेणू तोलणाऱ्या काट्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याची पोती तोलतो तसला नव्हे. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मी रेणूंचे तुकडे तोलतो. आलो तेव्हा मला पाहायला रांग लागली होती. आता नवी यंत्रं आली, मी कोपऱ्यात पडलो, तरी अडल्या वेळी माझीच आठवण होते.

आरएनए म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची लांब माळ. आमच्याकडचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ती माळ ठरावीक मण्यापाशीच कापतं. मी तुकड्यांची वजनं सांगतो, संगणक ती साठ्यातल्या हजारो माळांशी पडताळतो आणि ही माळ कोणत्या विषाणूची, ते नाव देतो. मात्र माणसाच्या बोटांच्या घामातही असलंच विकर असतं, आणि त्याला काही धरबंद नसतो. म्हणून इथे हातमोज्यांशिवाय कशालाही शिवायचं नाही.

हे इथल्या तंत्रज्ञ कमलाअक्कांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. कोणी उघड्या हाताने जवळ आलं की त्या वस्सकन अंगावर जायच्या.

गेल्या आयुधपूजेच्या, म्हणजे अवजारं-यंत्रं पुजायच्या खंडेनवमीच्या सकाळी त्यांच्या भाचीचा, आश्लेषाचा नमुना आला. एकोणीस वर्षांची पोर तापाने बेशुद्ध होती. मेंदूत कोणता विषाणू शिरलाय, त्याचं नाव डॉक्टरांना हवं होतं. कण्यातून काढलेलं चार थेंब पाणी, आणि पुन्हा काढावं अशी तिची अवस्था नव्हती.

आधी पूजा झाली. "रबर घालून देवाला कुंकू लावतात होय?" म्हणत अक्कांनी मोजे काढले. मला कुंकू लावलं. मग पिपेटला लावायच्या टोकांचा डबा उघडला आणि टोकं सरकवून मधे शेवंतीचं फूल ठेवलं. "स्वल्प सांभाळ रे बाबा, आपली पोर आहे," मला म्हणाल्या. नंतर नवे मोजे चढवले आणि नमुन्यासाठी त्याच डब्यातली टोकं वापरली. मी पाहत होतो. काट्याला बोलता कुठे येतं!

माझ्यापाशी आला तो नुसता चुरा. साठ्यातली एकही माळ जुळेना.

"अक्का, हे कुठंही कापलंय," शास्त्रज्ञ शेषगिरी सर म्हणाले. "कुणाची तरी बोटं लागलीत. नमुना उरलाय?"

"नाही, सर." अक्कांची नजर डब्यातल्या फुलावर गेली.

तिसऱ्या दिवशी आश्लेषा गेली. नाव कळलं असतं तर ती वाचली असती का, मला ठाऊक नाही. अक्कांनाही नाही, आणि तेच त्यांना खात राहिलं.

पंधरवड्याने तिची आई संध्या तपासणीचे कागद न्यायला आली. अक्कांनी माझ्यासमोरच तिला सगळं सांगितलं. "माझ्या बोटांनी घात केला गं."

संध्याला विकर-बिकर काही कळलं नाही. तिने बहिणीचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "असं काय बोलतेस, अक्का? याच हातांनी पूजा केलीस ना तिच्यासाठी?"

"नको, शिवू नकोस," म्हणत अक्का हात सोडवू लागल्या. संध्या काही सोडेना.

अक्कांनी त्यानंतर नोकरी सोडली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर माया जरूर करा, पण आमचे नियम मोडून करू नका. सण असला तरी आधी काम, मग फूल. माझं कुंकवावाचून काही अडलं नव्हतं. मला त्या दिवशी फक्त नाव सांगायचं होतं हो.