चौथा परिच्छेद मान्य

समन्स आलं तेव्हा शिंपीणबाईंनी ते दोनदा वाचलं, ‘प्रतिवादी’ या शब्दापाशी हातपाय गाळले आणि कागद कपाटात चादरींच्या घडीखाली सरकवून दिला. बावीस दिवस कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

दावा खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा होता. शिलाई मशीनमुळे जगणं नकोसं झालंय, ते कायमचं बंद करावं. मशीन बंद म्हणजे बाईंची चूलच बंद.

शेवटी नणंदेनं विचारलं, “काय गं, तोंड का उतरलंय?” आणि बाईंना रडूच कोसळलं.

नणंद वीस वर्षं एका वकिलांकडे टायपिस्ट. तिनं समन्सवरची तारीख बघून कपाळाला हात लावला. “लेखी उत्तराला तीस दिवस असतात. आठ उरलेत. ऊठ, तोंड धू.”

“पण ताई, मी काय गुन्हा केलाय?”

“गुन्हा कसला? मास्तरांनी त्यांचं म्हणणं मांडलंय, तू तुझं मांड. एकेका परिच्छेदाला उत्तर द्यायचं. खरं ते मान्य, खोटं ते अमान्य.”

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. मशीन रात्रभर चालतं? अमान्य, आठनंतर त्यावर झाकण पडतं. मुद्दाम त्रास देते? साफ अमान्य. चौथ्या परिच्छेदात होतं, मशीन सुरू झालं की खालच्या छताचा दिवा हलतो. बाईंचं पेन थबकलं.

“मी एकदा जाऊन बघितलं होतं, ताई. हलतो खरा. पण मी म्हटलं, मास्तर, तुम्हाला भास होतात.”

बाईंनी आपणहून लिहिलं : मान्य.

वकिलांनी मसुदा तपासला, सही झाली, कोर्टातल्या कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. त्या दिवशी बाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

तारखेला मास्तर उत्तराची प्रत घट्ट धरून उभे होते. “साहेब,” ते न्यायाधीशांना म्हणाले, “दोन वर्षं सांगतोय. घरचेसुद्धा म्हणतात, वय झालं तुमचं. दिवा हलतो असं पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलंय.”

न्यायाधीशांनी तडजोडीचं विचारलं. मशीनखाली जाड रबर, दुपारी दोन ते चार विश्रांती. दोघांनी सह्या केल्या, दावा मिटला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “मास्तर, चुकलंच माझं तेव्हा.”

“मीही आणखी एकदा जिना चढायला हवा होता,” मास्तर म्हणाले आणि काठी टेकत निघाले.

बाई मटकन पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतच सुटल्या.

“ऊठ गं, लोकांना वाटेल हरलीस!” सोबत आलेली नणंद म्हणाली.

“वाटू दे,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.