ताटावरचा आडवा हात

मित्रांनो, माझे झाकण उघडलेत तर आधी लसणाचा वास येईल, मग लाल मिरचीचा आणि त्यामागून आणखी एक, जो पुण्याजवळच्या आमच्या धायरीतल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. मी एक जुना, स्टीलचा, कडीचा डबा आहे. अंगावर दोन पोचे आहेत, कडी जरा वाकडी आहे. पण झाकण असे घट्ट बसते की तेलाचा थेंब बाहेर येणार नाही. ही बढाई नाही. हे मी विमानात सिद्ध केले आहे.

चाळीस वर्षांपूर्वी मी तुळशीबागेजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात मांडणीवर बसलो होतो. सरुबाईंच्या मावशीने लग्नाच्या आहेरासाठी मला निवडले. दुकानाच्या पायरीवर करीमभाई नावे घालायचे मशीन घेऊन बसत. त्यांनी माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी ‘सौ. सरुबाई गेनबा’ अशी अक्षरे कोरली. दुखले, गुदगुल्याही झाल्या.

धायरीत तेव्हा शेते होती. सरुबाई मला लसणाच्या चटणीने भरायच्या आणि भाकरीच्या फडक्याबरोबर मी रानात जायचो. गेनबा झाकण उघडून म्हणायचे, "आज भाकर तोंडी लावायला, जेवण म्हंजे चटणीच!" माझी छाती फुगायची. घरी माझी जागा फळीवर होती आणि समोरच्या भिंतीवर खताच्या दुकानाचे एक कॅलेंडर होते. त्यावर बर्फाचा डोंगर. साल उलटले तरी सरुबाईंनी ते काढले नाही. भाकरी थापताना त्या मान वर करून त्याच्याकडे बघायच्या.

पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या. गेनबा गेले. सरुबाई आपल्या लेकीबरोबर, हेमाबरोबर, तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. हेमाने रंगीत प्लास्टिकचे डबे आणले आणि मला माळ्यावर टाकले. सात वर्षे मी तिथे धूळ खात होतो. एकदा तर भंगारवाल्याच्या पोत्यात शिरलोच होतो. सरुबाईंना माझ्यावरचे नाव दिसले म्हणून वाचलो.

मग हेमाने एक दिवस रजा काढून जॉर्जिया नावाच्या, डोंगरांच्या लहानशा देशाची सहल ठरवली. दहा दिवसांची. आठव्या दिवशी खराखुरा बर्फाचा डोंगर. सरुबाईंनी सहा वेळा नको म्हटले आणि सातव्यांदा बॅग भरायला घेतली. प्लास्टिकच्या डब्यात चटणी भरली, तर रात्रभरात तेलाने नवे लुगडे माखले. सकाळी मला माळ्यावरून खाली उतरवण्यात आले. मी मनात म्हटले, आली ना माझी आठवण!

तिथे पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. हॉटेलात वेटर मोठ्या थाळीतून चीज भरलेली गरम गरम रोटी वाढायला आला. सरुबाईंनी आपल्या रीतीप्रमाणे ताटावर आडवा हात धरला. आपल्या पंगतीत असा हात धरला की वाढणारी बाई "असू द्या हो, एवढ्याने काय होतंय" म्हणत बोटांच्या फटीतून वाढते. त्या वेटरने मात्र अदबीने मान झुकवली आणि थाळी पुढच्या टेबलावर नेली. सरुबाई रोटीकडे बघतच राहिल्या.

"एकदाबी आग्रेव केला न्हाई त्यानं," त्या खोलीत आल्यावर म्हणाल्या. "आमच्यात पोस्टमनलाबी च्या घ्या म्हणून तीनदा म्हणत्यात. असलं अन्न मला नको."

"आई, अगं तूच नको म्हणालीस ना?" हेमाने कपाळाला हात लावला.

"मग? लगीच हो म्हणू? हावरट दिसंल."

तीन दिवस हेच चालले. दर जेवणाला आडवा हात, दर वेळी माघारी गेलेली थाळी. सरुबाई खोलीत दशमी आणि माझ्यातली चटणी खायच्या. चौथ्या दिवशी दशम्या संपल्या. माझ्या तळाशी चमचाभर चटणी उरली. रिकाम्या पोटी रक्तदाबाची गोळी घेऊन सरुबाईंना जिन्यात चक्कर आली, तशी हेमा घाबरली.

"बास झालं. दुपारी तिकिटं बदलते. आपण परत जाऊ."

सरुबाईंनी मला मांडीवर घेतले आणि त्या मला पदराने पुसत बसल्या. मला ते कॅलेंडर आठवले. डोंगर अजून चार दिवस लांब होता.

त्या दुपारी आम्ही एका खेड्यात, नानुली नावाच्या आजीबाईंच्या घरी उतरलो. हेमा अंगणात फोन लावत होती. नानुलीने मातीच्या तव्यावरची मक्याची भाकरी आणली, मातीच्या भांड्यात घेवड्याची घट्ट उसळ आणली. सरुबाईंनी सवयीने ताटावर हात धरला. नानुलीने तो हात उचलला, सरुबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला, वर एक चापट मारली आणि वाढले! पुन्हा हात आला, पुन्हा चापट. सरुबाई खळखळून हसल्या.

"हेमे, ठेव तो फोन! हिला कळतंय गं!"

त्या दुपारी त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग मला उघडून शेवटची चटणी नानुलीच्या ताटात वाढली. नानुलीच्या डोळ्यांत पाणी आले, तिने मोठ्याने हुंकार भरला आणि आतून दगडी खल घेऊन आली. त्यात तिची स्वतःची चटणी होती, लाल, ओलसर, लसणाची आणि कसल्याशा अनोळखी दाण्यांची. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, पण लसूण किती आणि मीठ किती, यावरून दोघी तासभर बोटांनी भांडत होत्या. सकाळी निघताना नानुलीने मला परत दिले. सरुबाईंच्या हाताला वजन लागले. धायरीत शेजारणीचा डबा कधी रिकामा परत देत नाहीत.

"भरून दिला गं हिनं," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसून रडल्या.

आठव्या दिवशी आम्ही डोंगरासमोर पोहोचलो. सरुबाई एका दगडावर बसल्या. शेजारी मी, गारठून टणक झालेलो. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या.

"तुझ्या बापानं इचारलं होतं," त्या हेमाला म्हणाल्या. "गावातली माणसं बर्फ बघाय निघाली होती. येतीस का, म्हणले. मी नको म्हणले. वाटलं, पुन्हा इचारतील. पर ते सरळ माणूस, त्यांना खरंच वाटलं."

हेमाने त्यांचा हात धरला. मला आजवर वाटायचे, त्या कॅलेंडरकडे चित्र म्हणून बघतात. मी किती खुळा होतो!

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच हॉटेल, तोच वेटर, तीच रोटी. सरुबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताट स्वतः पुढे केले. एकदा नाही, दोनदा. वेटर हसला. "त्याची काय बी चूक नव्हती," सरुबाई म्हणाल्या. "त्यानं माझा शब्द पाळला. खोटं मीच बोलत हुते."

मित्रांनो, जुन्या डब्यांना माळ्यावर विसरू नका, हे तर मी माझ्या स्वार्थासाठी सांगणारच. वाकड्या कडीला एकदा हातोडी आणि अंगाला थोडी राख मिळाली तर आम्ही आणखी चाळीस वर्षे राबू. पण त्याहून मोठी विनंती अशी, की जे मनापासून हवे आहे त्यावर आडवा हात धरून कोणी पुन्हा विचारेल म्हणून वाट बघत बसू नका. सगळेच काही नानुली नसतात.

परवा ओट्याशी हेमाने विचारले, "आई, पुढच्या वर्षी कुठंतरी जायचं का?"

सरुबाईंचा हात सवयीने वर आला. "न..." इतके म्हणून त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिले. मग हात खाली घेत म्हणाल्या, "कधी निघायचं?"