मतदानाच्या वर्षी बंद झालेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, दोन परसांमधल्या कुंपणाचा. न्यूझीलंडच्या उत्तरेकडे, कवाकवा गावात, राविरी सुताराने टोटारा झाडाच्या उरलेल्या फळ्या जोडून मला घडवलं. त्याची बायको हुहाना, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली, आणि शेजारची गोरी लॉर्ना चहासाठी दिवसातून चारदा कुंपणावर चढायच्या. "कुणीतरी पाय मोडून घ्याल," म्हणत त्याने मला बसवलं. पुढे राविरी वारला, तेव्हा आठवडाभर लॉर्ना माझ्यातूनच हुहानासाठी जेवण नेत होती.

मित्रांनो, मग दोन हजार वीस साल आलं. गांजा कायदेशीर करावा का, असा प्रश्न सरकारने लोकांनाच विचारला. हुहानाने कुंपणावर 'हो'चा फलक ठोकला.

"माझ्या खिडकीसमोरच लावायचा होता का?" लॉर्नाने विचारलं.

"खिडकी तुझी आहे. कुंपण दोघींचं आहे."

"पंधराव्या वर्षापासून माझा डेरेक गांजा ओढायचा, हे तुला ठाऊक आहे."

"आहे ना. त्याला पकडलं तेव्हा पोलिसांनी समज देऊन घरी आणून सोडलं. माझ्या विरेमूच्या खिशात चिमूटभर सापडला, तर आठ महिने तुरुंगात. तो माओरी आईचा मुलगा ना."

लॉर्ना माझ्याजवळ आली. "त्यांनी घरी आणून सोडला तो माझा डेरेक नव्हताच गं. गांजाने डोकं फिरलं होतं, भिंतींशी बोलायचा. अजून इस्पितळात आहे."

तिने मला ओढून घेतलं आणि कडी घातली. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

महिनाभर मला कुणी हात लावला नाही. पावसाने लाकूड फुगलं, माझ्या पायाशी गवत माजलं.

मतदानाच्या सकाळी लॉर्नाची गाडी सुरू होईना. गुडघ्यांमुळे मतदान होतं त्या शाळेपर्यंत चालवणार नव्हतं. हुहाना अंगणातून पाहत होती. ती आपल्या गाडीच्या किल्ल्या घेऊन रस्त्याकडून आली.

"माझं मत तुझं मत खोडून टाकेल," लॉर्ना म्हणाली.

"कळतं मला. बस गाडीत."

दोघी मत देऊन परतल्या आणि आपापल्या घरात गेल्या; माझी कडी तशीच राहिली.

निकाल लागला. थोडक्या मतांनी 'नाही'ची बाजू जिंकली. हुहाना फलक उपटत होती, तोच लॉर्नाने कडी काढून, खांद्याने ढकलून मला उघडलं.

"जिंकले म्हणून आले नाही," ती म्हणाली. "विरेमू आत होता, तेव्हा तू दर रविवारी त्याला भेटायला जायचीस. मी खिडकीतून बघायचे. कसा आहे, एवढंही कधी विचारलं नाही."

हुहानाने फलक खाली ठेवला. "पहिल्या भेटीत तो माझ्याकडे बघतच नव्हता," ती सांगू लागली. लॉर्ना गवतातच बसली. ऊन कलेपर्यंत आधी विरेमूचं बोलून झालं, मग डेरेकचं.

मित्रांनो, कुणाचं बरोबर होतं, ते मला सांगता येणार नाही. मी लाकूड आहे, मला मत नाही. तुम्हाला मात्र एक दिवस ते मिळेल. तेव्हा जरूर वाद घाला. पण त्याआधी शेजारच्या घरी जाऊन बसा आणि त्यांचा मुलगा कसा आहे, ते विचारा.