अधांतरी बर्फ

शुक्रवारी सकाळी लतिकानं तळ्याच्या मानेतल्या बर्फात चौथं भोक पाडलं आणि गिरमिट एकदम सुटून मुठीपर्यंत खाली गेलं. तिला हिसका बसला. तिनं गिरमिट वर ओढलं, भोकातला चुरा हातमोज्यानं बाजूला केला आणि पाणी वर यायची वाट पाहत उकिडवी बसून राहिली. पाणी आलं नाही.

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपच्या नव्या वस्तीमागे दोन तळी होती, एक लहान आणि एक मोठं. दोघांना जोडणाऱ्या जेमतेम नऊ मीटर रुंद चिंचोळ्या पाण्याला तिथले लोक 'मान' म्हणायचे. वस्तीचा एक हौशी बर्फक्लब होता. तळी गोठली की स्केटिंगची फेरी भरवायची, एवढंच त्याचं काम. ते काम चार-पाच वर्षांतून एकदा निघायचं आणि २००६च्या जानेवारीत ते निघालं होतं. रविवारी फेरी होती आणि तीनशे लोकांनी नावं दिली होती.

बर्फाची जाडी मोजायचं काम लतिकाकडे होतं. क्लबचा अध्यक्ष खेरिट, ट्यूलिपच्या कंदांची शेती करून निवृत्त झालेला अडुसष्ट वर्षांचा माणूस, तिला म्हणाला होता, "तुमचं घर तळ्यासमोर आहे आणि तुम्ही दिवसभर घरीच असता." त्यात त्याला काही लागट बोलायचं नव्हतं, पण ते लागलंच. भोसरीच्या एका फाउंड्रीत अकरा वर्षं ती क्वालिटी इन्स्पेक्टर होती. इथं आल्यापासून तीन वर्षांत डच येत नाही म्हणून तिला कुणी मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "द्या ते गिरमिट."

एरवी भोक आरपार गेलं की पाणी भसकन वर यायचं आणि भोकाच्या तोंडाच्या जरा खाली थांबायचं. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे ते तसंच व्हायला हवं. इथं मात्र तिनं काठी घालून पाहिली तेव्हा तेरा सेंटिमीटर बर्फ लागला, त्याखाली चार बोटं नुसती हवा, आणि मग कुठं पाणी. तिनं गिरमिटाच्या दांड्यानं बर्फावर ठोकलं. लहान तळ्यावर ठोकलं की भरीव आवाज यायचा. इथं रिकाम्या माठावर टिचकी मारल्यासारखा आला.

काय झालंय ते तिच्या लक्षात आलं. हा सगळा भाग म्हणजे जुन्या सरोवराचा तळ. रात्रंदिवस पंप चालतात म्हणून इथं जमीन आहे. कुठंतरी पंपानं पाणी उतरलं होतं. रुंद तळ्यांवरचा बर्फ पाण्याबरोबर खाली बसला होता, काठाला भेगा पडल्या होत्या इतकंच. मानेतला बर्फ दोन्ही काठांच्या लाकडी खुंटांना घट्ट चिकटलेला होता. तो खाली उतरला नव्हता. तो लटकत होता.

तिनं खेरिटला फोन केला.

"जाडी किती?" त्यानं विचारलं.

"तेरा."

"बर्फ झाडायच्या छोट्या ट्रॅक्टरला बारा लागते. झालं तर मग."

"पण खाली पाणी नाहीये."

तो हसला. "बाई, हे हॉलंड आहे. इथं सगळ्याच्याच खाली पाणी असतं."

लतिकानं काठावरच्या फळ्यावर लाल खडूनं 'मान बंद' असं लिहिलं. शनिवारी सकाळी पाहिलं तर कुणीतरी ते पुसून हिरव्या खडूनं 'खुली' केलं होतं. रात्री चार इंच बर्फ भुरभुरला होता. झाडणीचा मोठा गोल ब्रश लावलेला ट्रॅक्टर उतारावर उभा होता. लहान तळं झाडून मानेतून मोठ्या तळ्यावर जायचं, असा बेत होता.

तिनं घरी येऊन स्वयंपाकघरातलं तिपाई स्टूल उचललं आणि गॅरेजमधला दोर घेतला. टोकांना खिळे बसवलेल्या दोन लाकडी मुठी गळ्यात अडकवल्या. माणूस पाण्यात पडला तर त्या बर्फात रोवून बाहेर यायचं, हे तिनं शिकून घेतलं होतं. दोराचं एक टोक काठावरच्या झाडाला बांधलं, दुसरं कमरेला. मग मानेच्या मधोमध स्टूल मांडून ती बसली. तिच्या छपन्न किलोंना हा बर्फ नक्की पेलेल, याचा हिशेब तिनं केला होता. ट्रॅक्टर आणि खेरिट मिळून सहाशेच्या वर जात होते.

लहान तळं झाडून खेरिट आला आणि वीस पावलांवर थांबला. इंजिन चालूच ठेवलं.

"उठा, बाई."

"नाही."

"तेरा सेंटिमीटर. तुम्हीच मोजलेत."

"मीच मोजलेत. आणि तरी नाही."

"त्रेसष्ट साली माझ्या वडिलांनी या बर्फावरून मोटार नेली होती."

"त्यांच्या मोटारीखाली पाणी होतं," लतिका म्हणाली. "वजन बर्फ पेलत नाही, खालचं पाणी पेलतं. ते नसलं की ही नुसती काच आहे."

काठावर माणसं जमायला लागली. फावडी, झाडू, थर्मास घेऊन आलेली. नारिंगी टोपी घातलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "हिच्या देशात हिनं बर्फ पाहिलाय का कधी?" एवढं डच तिला समजत होतं. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं, "नाही पाहिला. म्हणूनच मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही."

तिच्या नवऱ्याला, रविकांतला, कुणीतरी फोन केला असावा. तो चपला बदलायचंही विसरून घरातून आला. हूफडॉर्पच्या त्याच्या ऑफिसातले दोघं त्या गर्दीत होते आणि ते त्याला पाहून मान डोलावत होते. तो काठावर, तिला ऐकू जाईल इतक्या जवळ येऊन हळू म्हणाला, "लतिका, चल घरी. आपण पाहुणे आहोत इथं."

"पाहुण्याला कुणी मापं घ्यायला लावत नाही, रवी."

"अगं, त्यांचा बर्फ आहे. त्यांचं ते बघतील."

"बघत नाहीयेत ना. म्हणून बसलेय."

त्यानं बर्फाकडे पाहिलं आणि विचारलं, "खाली हवा किती आहे?"

"काल चार बोटं. आज पाहिलं नाही."

रविकांतनं झाडाकडे पाहिलं. "ही कसली गाठ मारलीस," तो म्हणाला. कॉलेजात असताना तो कडे चढायचा. त्यानं तिची गाठ सोडली, दुसरी मारली, आणि दोर हातात धरून चपलांवरच काठावरच्या बर्फात उभा राहिला. ऑफिसातल्या माणसांकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

तास गेला. लतिकाच्या पायांची बोटं आधी दुखली, मग काही वाटेनासं झालं. मनात एक नको ती शंका आली: रात्रीत पाणी परत वर आलं असेल तर? आज तिनं नवं भोक पाडलं नव्हतं. भोसरीत एकदा तिनं ब्रॅकेटची एक अख्खी लॉट नाकारली होती. मापं बरोबर होती, पण ठोकल्यावर आवाज बद्द येत होता, म्हणजे आत पोकळी होती. साहेब म्हणाले, ड्रॉइंगमध्ये आवाज लिहिलेला नाही. तिची पॅकिंगला बदली झाली आणि ती लॉट दुसऱ्या कुणाच्या सहीनं गेली. पुढे त्या ब्रॅकेटचं काय झालं, ती कुठल्या गाडीला लागली, कुणाला काही झालं का, हे तिला कधीच कळलं नाही. बारा वर्षांनंतरही मोठा ट्रक जवळून गेला की तिला ते आठवायचं. या वेळी सही दुसऱ्याची झाली तरी तिला तिथून हलायचं नव्हतं.

खेरिटनं शेवटी इंजिन बंद केलं. तो उतरला, ट्रॅक्टरमागचं स्वतःचं गिरमिट घेतलं आणि मानेच्या तोंडाशी आला. लतिकानं पाडलेल्या भोकांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आपली जागा आपण निवडली आणि गिरमिट फिरवायला लागला. आठ, दहा, बारा सेंटिमीटर. मग त्याचा हात धाडकन खाली गेला आणि तो पुढे झुकला.

सगळे पाण्याची वाट पाहत होते. खेरिट पोटावर आडवा झाला. त्यानं खिशातून घडीची लाकडी पट्टी काढून उलगडली, भोकात सोडली आणि बाहेर काढून पाहिली. पट्टी सत्तावीस सेंटिमीटरच्या पुढेच ओली होती. काल चार बोटं असलेली हवा आज आठ बोटांवर गेली होती. पाणी अजून उतरतच होतं.

त्याच वेळी लाकडी खुंटांच्या कडेनं एक लांबलचक आवाज निघाला आणि मानेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेला. लतिकाच्या स्टुलाखाली बर्फ किंचित हलला. रविकांतनं दोर ताणून धरला.

"उभ्या राहू नका," खेरिट पडल्या जागेवरून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आडव्या व्हा. स्टूल राहू दे. हातपाय पसरून सरका."

ती आडवी झाली. काठ चार मीटरवर होता आणि तिला तो पार करायला किती वेळ लागला ते तिला सांगता आलं नसतं. हनुवटीला बर्फ लागत होता. खुंटांजवळ भेग हाताच्या पंजाएवढी रुंद झाली होती. ती ओलांडताना रविकांतनं तिला काखेत धरून वर ओढलं. 

खेरिट तसाच मागे सरकत गेला आणि त्यानं ट्रॅक्टर सावकाश उलटा नेला. मान तुटली नाही. स्टूल मध्ये उभंच राहिलं.

नारिंगी टोपीवाला म्हणाला, "बघा, काही झालं नाही."

"झालं नाही, कारण कुणी गेलं नाही," लतिका म्हणाली, आणि तिनं लाल खडू उचलला. या वेळी फळा पुसायला कुणी पुढे आलं नाही.

मोठं तळं मग हातांनी झाडलं. साठ-सत्तर माणसं काठाकाठानं चालत पलीकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत फावडी चालवत राहिली. लतिकाही होती. दोन तळ्यांमधली जमीन स्केट घालून चालत ओलांडता यावी म्हणून लोकांनी घरातले जुने गालिचे आणून अंथरले. रविकांत म्हणाला, आपली सतरंजी देऊ या का? लतिका म्हणाली, अजिबात नाही. रविवारी फेरी झाली. तिची अकरा वर्षांची मुलगी आर्या गालिच्यांवरून खडखडत जाताना आईकडे बघून डचमध्ये काहीतरी ओरडली आणि तिच्या मैत्रिणी हसल्या. काय म्हणाली ते लतिकानं विचारलं नाही. मुलगी कोरडी होती, तेवढं पुरे होतं.

मंगळवारी बर्फ वितळायला लागला. बुधवारी खेरिट घरी आला. आभार मानायला नाही, तसं तो काही बोलला नाही. त्यानं क्लबच्या नियमांचा कागद टेबलावर ठेवला. जाडीच्या आकड्यांखाली त्यानं एक नवी ओळ लिहून आणली होती: भोकात पाणी वर आलं नाही तर अध्यक्षांना विचारावं.

लतिकानं पेन मागितलं. 'अध्यक्षांना विचारावं' यावर तिनं रेघ मारली आणि वर आपल्या मोडक्या डचमध्ये लिहिलं की पाणी वर आलं नाही तर कुणीही जायचं नाही, अध्यक्षसुद्धा.

खेरिटनं चष्मा लावून ते वाचलं. "क्रियापद चुकीच्या जागी आहे," तो म्हणाला.

"ते तुम्ही हलवा," लतिका म्हणाली. "बाकी काही हलवायचं नाही."

त्यानं क्रियापद हलवलं आणि खाली सही केली.