चौदावी दुरुस्ती आणि माझं माहेर

मार्च २०२०चं माझं नागपूरचं तिकीट सलीलनं फेब्रुवारीतच कॅन्सल केलं. पहिलं बाळंतपण, सातव्या महिन्यात माहेरी जायचं, आई वाट बघतेय, सगळं सांगून झालं होतं. नवरा म्हणाला, "विद्या, वेडी आहेस का? इथे जन्मलं की बाळ आयरिश! कायदाच आहे."

"कोणी सांगितलं तुला?"

"अगं, चौदावी दुरुस्ती. अमेरिका, १८६८. ज्या मातीत जन्मला तिथला नागरिक."

सलील इथल्या नावन गावाजवळ मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत इंजिनिअर. दिवसा कॅथेटर तपासतो, संध्याकाळी युट्यूबवर अमेरिकेची राज्यघटना. गुलामांच्या मुलांना नागरिकत्व कसं मिळालं, अमेरिकेतच जन्मलेल्या वाँग नावाच्या चिनी स्वयंपाक्याला परत येताना बंदरात अडवलं तेव्हा सुप्रीम कोर्टानं १८९८ साली काय ठणकावलं, सगळं तोंडपाठ. आता तिकडे हा हक्क काढून घ्यायच्या गोष्टी चालल्यात म्हणून याला जेवण जायचं नाही. आपण आयर्लंडमध्ये राहतो, तेवढं लक्षात राहायचं नाही.

"आईंनाच बोलावून घेऊ इकडे," म्हणाला. महिन्याभरात विमानं बंद.

जूनमध्ये रेवा झाली. कोविडमुळे नवऱ्यांना शेवटपर्यंत बाहेरच ठेवत होते. मी आत कळा सोसतेय आणि हा पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाल्याला चौदावी दुरुस्ती समजावतोय. तो बिचारा नुसता "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत "बरं, बरं", म्हणत होता.

आईनं नात फोनवर पाहिली. "तेल कोण लावून देते गं तुला?" एवढंच विचारलं.

सलीलनं आयरिश पासपोर्टचा फॉर्म भरला. "भारतीय नको काढायला, उगाच गोंधळ होईल. थांब जरा."

थांबले. शेवटी भांडं फोडलं शेजारच्या ब्रेडा नावाच्या आयरिश बाईनं, ब्राउन ब्रेड द्यायला आली तेव्हा.

"जन्मलं की नागरिक? ते आम्ही २००४ला सार्वमत घेऊन बंद केलं की! आईबापांपैकी एकानं आधी तीन वर्षं इथे काढलेली लागतात." मग जरा लाजून म्हणाली, "मीही बंद करायलाच मत दिलं होतं. तुमच्याबद्दल नव्हतं हं ते."

रेवा झाली तेव्हा आम्हाला इथे जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

अर्ज परत आला. सलीलनं सात पानी अपील ठोकलं, वाँगच्या निकालासकट. हा निकाल दुसऱ्या देशाचा आहे, असं अगदी नम्र उत्तर आलं. यात वर्ष सरत आलं. मग भारतीय पासपोर्टची धावपळ, सगळं पहिल्यापासून.

एप्रिलमध्ये आईला कोविड झाला. रेवाकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. दहा महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला नेता येईना, सोडून जाता येईना. बाबांनी हॉस्पिटलमध्ये फोन आईसमोर धरला. मास्कमधून ती काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. परत विचारायचं राहून गेलं.

पासपोर्ट जुलैत आला. सलील खूश. "झालं की नाही काम? आता केव्हाही जा तू."

"कोणाकडे?"

त्यानं पासपोर्ट टेबलावर ठेवला.

"बाबा एकटे आहेत," मी म्हणाले. "रेवाला घेऊन निघते. परत कधी, ते ठरवलं नाही."

"अगं, पण इतके दिवस बाहेर राहिलीस तर तुझ्या इथल्या नागरिकत्वासाठी मोजायची सलग वर्षं मोडतील! अमेरिकेत अशीच एक केस—"

"ती मला फोनवर सांग," मी बॅगेची चेन ओढत म्हणाले. "उचलला तर."