मुकीची भूमिका

दिवाळीनंतरच्या मंडईचं, म्हणजे गावजत्रेचं, नाटक बसत होतं आणि गावच्या नाट्यमंडळापुढे दरवर्षीचाच प्रश्न होता: लोकांना हसवायचं कोणावर? दिग्दर्शक निकेशने ठरवलं, यंदा मुकीवर. नाटकात खून डोळ्यांनी पाहिलेली एक बहिरी-मुकी मुलगी होती. ती भूमिका त्याने मंडळातल्या आचलला दिली आणि हातवारे शिकवायला तेवढं प्रेमिलाला बोलावलं.

लहानपणीच्या तापात प्रेमिलाचे कान गेले होते. मूकबधिरांच्या शाळेत शिकून ती खुणांनी बोलायची. गावात तिच्या खुणा नीट समजायच्या त्या एकट्या तिच्या काकूला, कांताबाईला. कांताबाई मंडळातली जुनी नटी.

तालमीत आचलने तोंड वेडंवाकडं करून आ-आ केलं. सगळे हसले. निकेशने तिला आणखी जोरात करायला लावलं. प्रेमिलाला हसणं ऐकू आलं नाही, पण उघडी तोंडं दिसली. बाजारात, एसटीत तिने हीच तोंडं पाहिली होती. ती ताडकन उठली, आचलला हाताला धरून बाजूला केलं आणि खुणा करू लागली. कांताबाईने ते बोलून दाखवलं.

"ती म्हनते, मायीच नक्कल करून लोकाईले हासवाचं होतं, त मले बलावलं काऊन? हे काम मले द्या."

निकेश चिडला. समोरच्याचं वाक्य संपलं हे हिला कसं कळणार, असं त्याने विचारलं. प्रेमिलाने खुणांनी उत्तर दिलं की मुकीसमोर काम करणारा स्वप्निल बोलण्याआधी खांदा उचलतो, बोलून झाल्यावर ओठ दाबतो. बाकीचे नट एकमेकांकडे बघत नाहीत, नुसती आपल्या पाळीची वाट बघतात.

"निकेश," कांताबाई म्हणाली, "तू लंगड्यावर हासवलं, तोतऱ्यावर हासवलं. त्याईतल्या एकाले तरी कधी रंगमंचावर चढू देल्लं का? सोंग त्याईचं, अन् तेच बाहेर!"

निकेशने भूमिका प्रेमिलाला दिली, पण मनापासून नव्हे. पहिल्या दिवशी स्वप्निल तिच्याकडे पाठ करून बोलला आणि ती चुकली. निकेशने कपाळावर हात मारला. तिने स्वप्निलला खांद्याला धरून वळवलं आणि प्रवेश पुन्हा करायला लावला. प्रवेश नीट बसेपर्यंत तिने कोणाला घरी जाऊ दिलं नाही.

मंडईला मांडव भरला. खुनाची साक्ष द्यायला मुकी पुढे आली, तिचे हात बोलू लागले, कांताबाई ते बोलून दाखवू लागली आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी आ-आ केलं. हशा पसरत गेला. प्रेमिला थांबली. मांडवाकडे तिने अशी काही नजर टाकली की आतून बघणाऱ्या निकेशलाच चटका बसला. तो माईकपाशी आला.

"हासाचं असन त मायावर हासा. असं हासनं म्याच तुमाले शिकवलं."

हशा थांबला. प्रेमिलाने त्याला हातानेच बाजूला हो म्हणून सांगितलं. तिची साक्ष अजून बाकी होती. ती तिने शेवटपर्यंत दिली, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

वाचकहो, दुसऱ्याच्या उणिवेवरचं हसू फुकट मिळतं, म्हणून आपण ते पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. आता पुरे! ज्याच्यावर आपण हसतो, त्या माणसाला आपली दया नको आहे. त्याचं काम त्याला द्या आणि ते संपेपर्यंत गप्प बसून बघा.